बाबांसाठी बटणाचा कॅमेरा घेऊ की फोनच पुरे?

पांदणवाट
आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, कपाशी-तुरीचं. बाबांना रोज काहीतरी टिपायचं असतं: बोंडअळीनं पोखरलेलं बोंड, रानडुकरांनी उलथलेलं तास, बैलाच्या खांद्याची जखम. माझा जुना फोन देऊन पाहिला. पण भेगाळलेल्या बोटांना काच दादच देत नाही, चारदा दाबलं की भलतंच उघडतं. म्हणून खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा घ्यावा म्हणतो, सात-आठ हजारांत. रोजच्या वापराला बटणच हवं, असं माझं मत. तुमचं सांगा.

कोरडवाहू
काहून पैसे घालता भाऊ? वावरातला फोटो कामात येते कुठं? ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद कराले, नाहीतर पीकविम्यात. पाहणीचा फोटो ॲपमधूनच, जागेसकट काढा लागते. गारपिटीनं नुकसान झालं तर लवकर कळवा लागते. तवा काय कार्ड काढून लॅपटॉप शोधत बसता?

पांदणवाट
पाहणी मी करतो, माझ्या फोनवर. कॅमेरा बाबांचा.

जुनाबाजार
घ्या. पण नव्यात स्वस्त कॅमेरे आता फारसे येत नाहीत, वापरलेलाच पाहा. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट ए मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांना दोन पेन्सिल सेल लागतात, ते गावात मिळतात. साधे सेल मात्र लवकर बसतात, चार्जिंगचे घ्या. फार जुना असेल तर 2 जीबीपुढचं कार्ड घेत नाही. 20 मेगापिक्सेलला भुलू नका. या कॅमेऱ्यांत बहुधा असतो तो 1/2.3 इंची सेन्सर, म्हणजे जेमतेम 6 बाय 4.5 मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढा. त्यात 10 काय नि 20 काय! झूम ऑप्टिकल किती तेवढंच विचारा, डिजिटल झूम म्हणजे नुसतं कातरून मोठं करणं. आणि फुलाचं चिन्ह आहे का ते पाहा. अळीचा जवळून फोटो त्याच्याशिवाय धूसरच येतो.

कोरडवाहू
धुळीचं कोणी बोलूनच नाही राहिलं! माह्या लग्नात घेतला होता असाच एक. सोयाबीन काढताना थ्रेशरजवळ नेला, भुसा त्या आतबाहेर होणाऱ्या नळीत बसला, मंग नुसतं ‘लेन्स एरर’. दुकानदार म्हणे, दुरुस्तीपेक्षा नवा घ्या. फोनला नळीच नाही, बापा.

मोहाखाली
आमच्याकडं ताडोब्यात सफारीला फोन नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. तेवढं एक त्याच्या बाजूनं.

पांदणवाट
तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडून दोन दिवस उसना आणला. बाबांनी 43 फोटो काढले, त्यातले निम्मे आमच्या गाईचे. एक मात्र बोंडाचा, फुलाचं चिन्ह लावून. सरकीतली गुलाबी अळी नखाएवढी स्पष्ट दिसते. आज परत करायला मागितला तर उशाखाली निघाला, कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात गुंडाळलेला. धुळीचा बंदोबस्त त्यांनीच केला म्हणायचा.

कोरडवाहू
गाय बाकी झ्याक आहे तुमची. पण सोंगणीच्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवा.