बाबांची वॅगनआर विकायचीय, कंपनीला द्यावी का थेट गिऱ्हाइकाला?

कोथरूडकर
नमस्कार मंडळी. बाबांची 2015 ची वॅगनआर आहे, पेट्रोल, एमएच 12. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना आता गाडी चालवायची नाहीये आणि मी बंगळुरूला, त्यामुळे सोसायटीत नुसती धूळ खात उभी आहे. ऑनलाइन जाहिरात टाकली तर पहिल्याच दिवशी एकाचा फोन, मी मिलिटरीत आहे, गाडी न बघता घेतो, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करून पिन टाका की अॅडव्हान्स जमा होईल म्हणे. बाबा करणारच होते, नशीब आई शेजारी होती. दुसरा माणूस खरा वाटतो, हडपसरचा आहे, 2 लाख 60 देतो म्हणतोय पण 50 हजार आत्ता आणि बाकीचे नाव ट्रान्सफर झाल्यावर. जुन्या गाड्या विकत घेणारी एक कंपनी घरी येऊन गाडी बघून गेली, ती 2 लाख 20 सांगते. आणि सिंहगड रोडचा एक गाडीवाला म्हणतो माझ्याकडे लावून ठेवा, 29 आणि 30 नंबरच्या (नाव ट्रान्सफरच्या) कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्या, विकली की पैसे. 40 हजार सोडून कंपनीला द्यावी का? बाबा 71 चे आहेत, त्यांच्यामागे नंतर काही लागायला नको एवढंच.

निगडीचा बाळू
त्या सिंहगड रोडवाल्याला कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात देऊ नका!! मी 2021 ला बाईक अशीच एकाकडे लावली, त्याने विकली, पैसेही दिले, पण आरसी माझ्याच नावावर राहिली आणि दीड वर्ष मला सिग्नल तोडल्याचे, ट्रिपल सीटचे चलान मेसेज येत होते, फोन केला की म्हणायचा पुढच्या आठवड्यात करतो. चलान तरी भरून मोकळं होता येतं हो, अपघात झाला असता तर काय केलं असतं. 2018 ला सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार केसमध्ये हेच सांगितलंय, गाडी तीनचार हात फिरली होती तरी रजिस्टरवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरलं आणि भरपाई त्याच्यावर आली.

सासवडची मीनल
बाळूदादा म्हणतात ते खरंय पण डीलरला द्यायचा आता एक सरळ रस्ता आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट लागतं, आणि तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सी मध्ये तसं पोर्टलवर कळवायचं असतं. तिथून पुढे नाव ट्रान्सफर होईपर्यंत जबाबदारी डीलरची, कायद्याने तोच मालक धरला जातो. कंपनी असो का सिंहगड रोडवाला, दोघांनाही विचारा, सर्टिफिकेट दाखवा आणि 29सी ची पोच देणार का? जो कशाला हवंय ते म्हणेल त्याला नमस्कार. माझ्या भावाने कंपनीलाच दिली, फक्त त्यांनी थोडी रक्कम आरसी ट्रान्सफर होईपर्यंत रोखून ठेवली होती, ते अॅग्रीमेंटमध्ये आधीच वाचून घ्या.

निगडीचा बाळू
हे 29सी मला नव्हतं माहीत, त्या वेळी असतं तर वाचलो असतो. बाकी क्यूआरचं काकांना एकदा नीट समजावून सांगा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच.

आरटीओवाला मामा
पंधरा वर्षं एजंटचं काम करतोय म्हणून सांगतो, हडपसरवाला खरा असेल तर 40 हजार सोडायची गरज नाही. त्याला भीती की पैसे देऊन नाव होणार नाही, तुम्हाला भीती की नाव होऊन पैसे येणार नाहीत. दोघांनी एकाच दिवशी भेटा, अर्ज भरा, त्याच दिवशी आरटीजीएसने पूर्ण पैसे घ्या, ते बाबांच्या खात्यात दिसले की मगच चावी. त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ पण लिहा, मिनिटासकट, दोघांच्या सह्या. त्याच्या आधारची झेरॉक्स ठेवा. गाडीवर कर्ज होतं का? फेडलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर आधी बँकेची एनओसी आणि ते नाव काढायचा फॉर्म 35 लागेल, त्याशिवाय काही पुढे सरकत नाही.

कोथरूडकर
कर्ज होतं, 2019 ला फिटलं, आरसी बघितली तर बँकेचं नाव अजून तसंच आहे 😔 हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीनलताई, कंपनीला आत्ता फोन केला, 29सी देतो म्हणाले. सिंहगड रोडवाल्याने विषयच बदलला. आता पुढच्या शनिवारी येतोय पुण्याला, आधी बँकेत जातो. मामा, तुम्ही म्हणता तसं हडपसरवाल्याला एका दिवसात सगळं करू असं विचारतो, तयार झाला तर त्याला, नाहीतर कंपनीला. फास्टॅग बाबांच्या खात्याला जोडलेला आहे, तो कधी बंद करायचा?

आरटीओवाला मामा
चावी दिली की त्याच दिवशी. आणि इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र घ्या, तो बोनस गाडीबरोबर जात नाही, बाबांचाच राहतो.