अर्बियमयुक्त नॅनोस्फटिक हिरव्याऐवजी लाल का चमकतात?

प्रश्न: मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सोडियम इट्रियम फ्लोराइडमध्ये २० टक्के इटर्बियम (लेझरची ऊर्जा शोषणारे मूलद्रव्य) आणि २ टक्के अर्बियम (ती ऊर्जा घेऊन चमकणारे मूलद्रव्य) मिसळून, ओलेइक आम्ल आणि ऑक्टाडेसीन या द्रवांमध्ये तापवून नॅनोस्फटिक तयार केले. ९८० नॅनोमीटरच्या लेझरखाली ५४० नॅनोमीटरजवळचा हिरवा प्रकाश ठळक दिसेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ६५५ जवळचा लालच वरचढ आहे. चूक कुठे झाली असावी?

उत्तर १: आधी क्ष-किरण विवर्तन (स्फटिकावरून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात, यावरून त्याची रचना ओळखण्याची पद्धत) तपासावे. मुख्य शिखर २८ अंशांजवळ असेल (तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांसाठी), तर आपले स्फटिक घनीय रचनेचे आहेत आणि त्यांत लाल उत्सर्जन तुलनेने अधिक असते. षट्कोनी रचनेची शिखरे ३० अंशांच्या आसपास येतात. ती रचना हवी असल्यास आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमान पुरेसा वेळ टिकवावे. फ्लोराइडचे प्रमाण किंचित जास्त ठेवल्यानेही मदत होते.

उत्तर २: वरील मत योग्यच आहे, पण पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांची कंपने अर्बियमची ऊर्जा शोषून त्याला खालच्या ऊर्जा-पातळीवर आणतात आणि तेथून इटर्बियमच्या ऊर्जेने तो लाल उत्सर्जनाच्या पातळीवर पोहोचतो. म्हणून फ्लोराइड घालण्यापूर्वी मिश्रण निर्वातात १२० अंशांपर्यंत नीट कोरडे करावे. मिसळ नसलेल्या सोडियम इट्रियम फ्लोराइडचे पातळ कवच चढवले, तर चमकही लक्षणीय वाढते.

९८० चा झोत डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्या तरंगलांबीचा संरक्षक चष्मा कृपया नेहमी वापरावा.

प्रश्नकर्ता: शिखर २८.२ अंशांवरच आहे. मनःपूर्वक आभार, तापमान वाढवून पुन्हा करतो.