ओलेड घेऊ की नको? पीएस फाइव्ह, आजीच्या बातम्या आणि आमच्याकडची लाईट

खाडीकाठचा (देवगड)

नमस्कार मंडळी,

पीएस फाइव्ह (सोनीचं गेम खेळायचं यंत्र) घरात आहे, पण अजून जुन्या ३२ इंची एलईडीलाच जोडलेली. यंदा आंब्याने बरा हात दिला, त्यामुळे टीव्हीसाठी लाखभरापर्यंत घरातून होकार मिळालाय. मध्यंतरी पुण्यात मावसभावाकडे ओलेड टीव्हीवर खेळलो आणि तेव्हापासून दुसरं काही डोळ्यांत भरत नाही. जीटीए गेममधला रात्रीचा रस्ता खरोखर काळा दिसतो हो, आमच्याकडे दिसतो तसा राखाडी नाही.

भीती बर्न-इनची, म्हणजे पडद्यावर कायमचा डाग पडण्याची आहे. धाकट्या भावाच्या फोनवर बीजीएमआय गेमची जॉयस्टिक आणि कोपऱ्यातला नकाशा कायमचा उमटलाय. पांढरं पान उघडलं की त्यावर करडा डाग. लाखाच्या टीव्हीवर असं काही झालं तर घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

घरची परिस्थिती अशी: टीव्ही एकच, पुढच्या खोलीत. मी जेवणं झाल्यावर दोनेक तास खेळतो, सुट्टीच्या दिवशी जास्त. जीटीए आणि ईए एफसी (फुटबॉलचा गेम). बाकी पूर्ण दिवस टीव्ही आजीचा. सकाळी बातम्या, दुपारी मालिका, संध्याकाळी परत बातम्या. कित्येकदा आवाज बंद करून नुसतं चित्र चालू ठेवते. लाईटचं तर विचारूच नका. ढग वाजले की आजी आतून ओरडते, "अरे ढग गडगडतत, आदी तां बटाण बंद कर!" आणि प्लगही काढून ठेवते. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवेच.

ओलेड, मिनी एलईडी, साधा एलईडी की सरळ मॉनिटर?

सोल्डरवाला (कणकवली)

गेमची काळजी सोडा, आजीची करा.

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पिक्चर ट्यूबचे डबे, प्लाझ्मा, एलसीडी, सगळं या टेबलावरून गेलंय. डाग पडणं नवीन नाही. जुन्या ट्यूबवर पडायचे, प्लाझ्मावर तर पडायचेच. स्क्रीनसेव्हर निघाला तो त्यासाठीच.

ओलेडला मागून दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि पेटेल तेवढा म्हातारा होतो. सगळे ठिपके सारखेच म्हातारे झाले तर कोणाला कळणारही नाही. पण एकाच जागी रोज उजेड पडत राहिला की तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा मंद पडतात. जुन्या घराच्या पायरीचा चिरा मधोमध झिजतो ना, तसं. जळत काहीच नाही, असमान झिजतं. म्हणून ते 'काढता' येत नाही.

आता तुमच्या घरात एकाच जागी रोज काय पेटतं ते बघा. जीटीएचा नकाशा डाव्या खालच्या कोपऱ्यात, तोही तुम्ही खेळाल तेवढाच वेळ. बातम्यांची खालची पट्टी, चॅनेलचा लोगो आणि 'ब्रेकिंग'ची लाल चौकट मात्र दिवसभर जिथल्या तिथे. आरटिंग्ज नावाची परदेशी साईट टीव्ही तपासते, त्यांनी २०१८ मध्ये एलजीचे सहा सी सेव्हन ओलेड दिवसाला २० तास चालवून बघितले. सीएनएन लावलेल्या टीव्हीवर लोगो आणि पट्टी स्वच्छ उमटली. कॉल ऑफ ड्यूटी गेम चालवलेल्यावर तसा डोळ्यात भरणारा डाग नव्हता. त्यानंतरची पॅनेलं सुधारली हे मान्य, पण झिजायचं तत्त्व तेच आहे.

दुसरी गोष्ट बटणाची. हे दुकानात विकणारा सांगत नाही, म्हणून नीट वाचा. ओलेड टीव्ही रिमोटने बंद केला की तो लगेच झोपत नाही. साधारण चार तासांचा वापर जमला की स्टँडबायमध्ये गेल्यावर आतल्या आत ठिपके मोजतो आणि कुठला किती मंद झालाय त्याप्रमाणे भरपाई करतो. या कामाला काही मिनिटं जातात. आतून एखादा 'टक' आवाज येतो, तो रिलेचा. याशिवाय बराच वापर झाल्यावर करायची मोठी सफाई वेगळी, तिला तासभर लागू शकतो. या सगळ्याला बोर्डाचा करंट चालू पाहिजे. आजीने बटण बंद केलं, प्लग काढला, की भरपाई राहिली. एखाद्या दिवशी राहिली तर बिघडत नाही. पण जून ते सप्टेंबर रोज रात्री हेच चाललं तर ज्या टीव्हीला स्वतःची डागडुजी स्वतः करायची असते त्याचे हातच बांधून ठेवल्यासारखं आहे.

आणि आजीचं चुकतं असंही नाही. सड्यावरच्या घरांत अर्थिंग धड लागत नाही, खाली नुसता जांभा. स्पाइक गार्ड लावून लोक निर्धास्त होतात, पण अर्थिंगच नसेल तर त्यातला निम्मा बंदोबस्त नावापुरताच. वीज कडाडत असताना प्लग काढलेलाच बरा, हे मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो. आजीची सवय आपल्या हवामानाला बरोबर आहे. टीव्ही तिच्या सवयीला जुळणारा घ्या.

तिसरं, माझ्या धंद्यातलं. एलसीडीचा बॅकलाइट गेला तर मागच्या एलईडी पट्ट्या बदलून टीव्ही पुन्हा उभा राहतो. ब्राइटनेस शंभरावर ठेवणाऱ्यांच्या त्या लवकर जातात, एवढंच. ओलेडचं पॅनेल झिजलं तर दुरुस्ती नाही, नवीन पॅनेल, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक टीव्ही माझ्याकडेच सोडून जातं.

माझं मत: पुढच्या खोलीसाठी मिनी एलईडी. तोही एलसीडीच, पण मागचे दिवे बारीक आणि गटागटाने कमी-जास्त होणारे. काळा रंग ओलेडइतका काळा नाही, पण राखाडीही नाही. पट्टीचा डाग पडायची धास्ती नाही. एलसीडीवर कधी सावली राहिली तरी ती बहुधा थोड्या वेळाने निघून जाते.

रात्रपाळी (रत्नागिरी)

काकांचं बरंचसं पटलं, पण ओलेडला एवढं बदनाम करू नका. माझ्याकडे ४८ इंची आहे, वेगळ्या खोलीत, फक्त गेम आणि सिनेमे. डाग नाही. मी करतो काय, तर ओलेड ब्राइटनेस मध्यम ठेवतो, पिक्सेल शिफ्ट (चित्र किंचित सरकवत राहणं) आणि लोगो मंद करायची सोय बंद करत नाही, गेममध्ये एचयूडीची (पडद्यावर कायम दिसणारे नकाशा, आकडे वगैरे) पारदर्शकता मिळत असेल तर वाढवतो, आणि पॉज करून चहाला जात नाही. टीव्ही साइन वेव्ह इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी स्टँडबाय चालू राहतो. इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते दाबून घ्या, नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू व्हायच्या क्षणात पीएस फाइव्ह बंद पडते आणि पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसते. टीव्ही आणि पीएस मिळून तीनशे वॅटच्या आसपास धरा, बॅटरी त्या हिशोबाने बघा.

मिनी एलईडीचं दुखणंही सांगतो. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की भोवती धुरकट वलय दिसतं. शिवाय काही मॉडेलांत गेम मोड लावला की ती दिव्यांची गटबाजी आळशी होते. दुकानात शोरूमचा व्हिडिओ बघू नका, गेम मोड लावायला सांगा आणि मग बघा. ओलेडचा ठिपका बदलायला लागणारा वेळ मात्र एलसीडीला गाठता येत नाही. ईए एफसीमध्ये चेंडू पळताना फरक दिसतो.

पण हो, आजी आणि बातम्या म्हटल्यावर मीही ओलेड सुचवणार नाही.

हर्णैकरीण

दोन गोष्टी राहिल्या. शोरूमचा डिस्प्ले पीस स्वस्तात मिळतोय म्हणून ओलेड उचलू नका. तो दिवसभर फुल ब्राइटनेसवर तीच ती जाहिरात दाखवत असतो. घ्यायचाच असेल तर पेन ड्राइव्हवर एक सपाट करडं आणि एक सपाट लाल चित्र न्या, पडदाभर लावा. झिजलेलं असेल तर तिथेच दिसेल.

दुसरं, खोलीतला उजेड. आमच्याकडे समुद्राच्या बाजूने दोन खिडक्या आहेत आणि दुपारी टीव्हीत मालिकेपेक्षा आम्हीच जास्त दिसतो. क्यूडी-ओलेडचा (ओलेडचाच एक प्रकार) काळा रंग तर उजेडात जांभळट-राखाडी दिसतो. आजी दुपारी बघणार असेल तर हे आधी बघा.

खाडीकाठचा (देवगड)

सगळ्यांचे आभार. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली तिचं बटण बरोबरच होतं, आता घरात ऐकून घ्यायला लागणार.

ओलेड बाद. पण मिनी एलईडीमध्ये ४३ इंची बघतोय, त्यावर '१२० मोशन' असं लिहिलंय. पीएस फाइव्हला चालेल ना? आणि आमच्या भिंतीला पावसात ओल येते, तिथे टांगला तर?

सोल्डरवाला (कणकवली)

'मोशन' वगैरे शब्द लागला की समजा आकडा फुगवलेला आहे. पॅनेल बहुतेक ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारं निघतं. 'नेटिव्ह १२०' लिहिलंय का आणि एचडीएमआय २.१ (केबलच्या जोडणीची वेगवान पिढी) कुठल्या पोर्टला आहे ते बघा, कधी कधी चारातल्या दोनच पोर्टना असतं. ४३ इंचीत नेटिव्ह १२० शोधताना दमाल, ५० किंवा ५५ इंचीत पर्याय जास्त. बसायची जागा टीव्हीपासून दीड-दोन मीटरवर असेल तर ५५ जड जाणार नाही. तेवढी भिंत नसेल तर २७ इंची १४४०पी (फुल एचडी आणि फोर के यांच्या मधलं रिझोल्यूशन) मॉनिटर तुमच्या खोलीत ठेवा, पीएस फाइव्हला १४४०पी २०२२ पासून चालतं. मग आजीला तिचा जुना टीव्ही पुरे.

ओल येणाऱ्या भिंतीवर अजिबात नको. पॅनेलच्या कडेला काचेवर चिकटवलेल्या बारीक पट्ट्या असतात, खारी दमट हवा तिथे शिरली की उभ्या रेघा यायला लागतात. मग बाँडिंग (त्या पट्ट्या पुन्हा चिकटवणं), आणि ते टिकेल याची हमी मी देत नाही. आतल्या भिंतीला स्टँडवर ठेवा, मागे चार बोटं मोकळी. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. ते काम आजी करेलच.

अर्थिंगचा खड्डा यंदा उन्हाळ्यात मीठ-कोळसा घालून पुन्हा भरून घ्या. वायरमनला मीटरने मोजून दाखवायला सांगा, नुसता दिवा लावून दाखवला तर पैसे देऊ नका.