कॅसेट फुंकून गेम लावणारे कोणी आहेत का इथे?

वेंगुर्ल्याचा भाचा: गणपतीत आजोळी माळा झाडताना जुना टीव्ही गेम सापडला. बंदुकीसकट! पिवळी '९९९९ इन १' कॅसेट (खरे गेम पाच-सहाच, बाकी तेच तेच). कॉन्ट्रा लावला की मामेभाऊ बटणं दाबत मंत्र म्हणायचा: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ३० जीव! आजी ओसरीवरून ओरडायची, "मेल्या, डोळे जातले!" आता नुसता करडा पडदा. फुंकून दमलो.

खारा वारा: फुंकू नका हो. तोंडाच्या ओलाव्यानं कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात, त्यात आपली खारी हवा. खोडरबर हलकेच फिरवा.

ट्यूबवाला: बंदुकीची आशा सोडा. बदकं टिपायच्या डक हंटला जुना ट्यूबचा टीव्हीच लागतो, एलईडीवर नेम लागत नाही.

लाल डबा: आम्ही हातात धरायच्या ब्रिक गेमवाले. त्यातला विटा रचायचा टेट्रिस मॉस्कोत १९८४ साली पाजित्नोव्हनं केला; आमच्यासाठी तो कणकवली स्टँडवरचा. उभी लांब वीट यायची नेमकी आंबोलीच्या वळणावर, आणि हात हलायचा.

वेंगुर्ल्याचा भाचा: खोडरबर पावला! पण 'ए' बटण रुतलंय, उडी मारता येत नाही. पहिल्याच गोळीला गेलो.