वाणी की सुपरमार्केट? दुकान कशावरून ठरवता?

सईची_आई (डोंबिवली)
आमच्या कोपऱ्यावर नवं सुपरमार्केट उघडलंय. तूरडाळ किलोमागे बारा रुपयांनी स्वस्त. तरी महिन्याचं सामान मी वाण्याकडूनच भरते, आणि त्याचं कारण शेंगदाणे. तो पोत्यातले चार दाणे हातावर ठेवतो. एक दाताखाली धरला की खवट आहे का ते तिथेच कळतं. पाकिटातला कळतो कूट केल्यावर. मागे रव्याला जाळी निघाली, तर अर्धा वापरलेला पुडा त्याने काही न बोलता परत घेतला. चाखू देतो का आणि परत घेतो का, मी एवढंच बघते.

हिशेबवही
ताई, चार किलो डाळीमागे 48 रुपये दर महिन्याला सोडताय. शिवाय पाकिटावर वजन, एमआरपी, तारीख छापावीच लागते. पोत्यात जुना माल नव्यात मिसळलेला असला तर तुम्हाला कोण सांगणार?

नाना_सातारकर
हिशेब करायचाच तर पुरता करा. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागला, सुट्यावर नाही. आणि तेलाची एक लिटरची पिशवी भरते साधारण 910 ग्रॅम. सुट्या किलोच्या भावाशी ती तशीच ताडून बघू नका.

अबोली
मी सातवीत असताना बाबांचं काम सुटलं होतं. साखर आणायला गेले, तर वाण्याने वही उघडून सगळ्या गिऱ्हाइकांसमोर थकबाकी वाचून दाखवली. मी रिकामी पिशवी घडी करून परत आले. सुपरमार्केटमध्ये मला कुणी ओळखत नाही. मला तेच हवंय.

सईची_आई
अबोली, वाचून पोटात कालवलं. आमच्या वाण्याच्या वहीवर आम्ही 2020च्या टाळेबंदीत दोन महिने काढले, त्याने एकदाही विचारलं नाही. पण समोरच्या बिऱ्हाडाला मात्र त्याने उधार दिलं नव्हतं. ते भाडेकरू होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतंय.

नवे_बिऱ्हाड
आम्ही ते समोरचे. म्हणजे तुमच्या इमारतीतले नव्हे, पण तसेच. अकरा महिन्यांचा करार संपला की नवी गल्ली, नवा वाणी. तो नावाने हाक मारायला लागेपर्यंत आमचं सामान पुन्हा बांधलेलं असतं. म्हणून मी छापील भाव असेल तिथेच जाते.