तुलनात्मक निबंध: दोन कादंबऱ्यांची मोट कशी बांधायची?

खाडीकाठ (रत्नागिरी)
तृतीय वर्ष कला, मराठी. श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांतल्या अनुबंधावर १२०० शब्दांचा निबंध द्यायचाय. आधी एक कादंबरी, मग दुसरी, शेवटी तुलना असा आराखडा केलाय. चालेल ना?

सुरंगी
चालेल, पण अडकाल. पहिल्या कादंबरीवरच सातशे शब्द सहज जातात, दुसरीची ओढाताण होते आणि तुलना शेवटच्या परिच्छेदात उरकली जाते. मुद्देवार जा: प्रस्तावना १२०, तीन मुद्दे प्रत्येकी ३१०, समारोप १५०. प्रत्येक मुद्द्यात दोन्ही कादंबऱ्या हव्यात. कथानक सांगत बसू नका, तपासणाऱ्याला ते ठाऊक असतं.

त्याआधी सूत्र ठरवा, तेही एका वाक्यात. ‘दोन्हींत कोकण आहे’ हे सूत्र नव्हे, तो नुसता पत्ता झाला. ‘गाव नायकाला कसं वागवतं’ हे घेतलंत तर परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं पडेल: ‘बापू गावाच्या नाकावर टिच्चून गावातच राहतो, कोंडुरातल्या परशुरामतात्याला गाव डोक्यावर घेतं, आणि तेच त्याला पेलत नाही.’ याउलट ‘बापू बंडखोर आहे, तात्याही वेगळा आहे’ यात तुलना कुठेय?

कच्चा खर्डा झाला की ‘तसेच’ किती वेळा आलंय ते मोजा. पानात चारदा असेल तर नुसती साम्यं गोळा होतायत.

रापण
सुरंगीताईंनी नेमकं सांगितलंय. भर एवढीच: पेंडशांची कादंबरी १४ वर्षं आधीची, म्हणून खानोलकरांवर तिचा प्रभाव, असं ठोकून देऊ नका. हमखास गुण जातात. प्रभाव म्हणायचा तर पत्र, मुलाखत, मजकुरातला थेट उल्लेख, असं काहीतरी हातात हवं. नसेल तर ‘साम्य’ म्हणा.

आणि सरसकट ‘कोकण’ नको. पेंडसे दापोलीकडचे, खानोलकर वेंगुर्ल्याकडचे; बोलीसुद्धा बदलते.

खाडीकाठ
अवतरणं किती द्यावीत?

सुरंगी
मुद्द्याला दोन, एकेका कादंबरीतलं एक. दोन ओळींच्या आत, पृष्ठक्रमांकासह. अवतरणानंतर लगेच त्यातला एखादा शब्द पकडून बोला, नाहीतर ते लोंबकळत राहतं. आवृत्ती शेवटपर्यंत एकच वापरा. अर्धी टिपणं ग्रंथालयातल्या प्रतीवरून, अर्धी मैत्रिणीच्या प्रतीवरून काढलीत की पानं जुळत नाहीत.