मदत हवी आहे: टॅमॉक्सिफेन मध्येच थांबवून बाळाचा विचार कुणी केलाय का?

नणंद ३४ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो सगळं उरकलं, आता दोन वर्षं टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) चालू आहे. ही गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची आणि तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. मग बाळ कधी?

'पॉझिटिव्ह' नावाचा अभ्यास वाचला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला. ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून जास्त बायकांनी दीड ते अडीच वर्षं हार्मोन रोखणारे उपचार घेऊन मग जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवले. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के, आणि तुलनेसाठी घेतलेल्या आधीच्या रुग्णांत ९.२. दिलासा वाटला. पण हा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो, मग तीन वर्षांच्या आकड्यावर किती विसंबायचं? सासूबाई तर विषय निघाला की चहा टाकायला उठतात.

इथे कुणी गोळी थांबवली आहे का? गोळी बंद केल्यावर दिवस राहू देण्याआधी तीन महिने थांबायला सांगितलं होतं का? बीजांडं आधी गोठवलेली नसतील तर आयव्हीएफला कॅन्सरचे डॉक्टर तयार होतात का? मंगळवारी तपासणी आहे, काय विचारून घ्यावं तेही सुचवा. काढे आणि पपईची पानं कृपया नकोत.